बोगद्यावाल्या बाई

बाईंनी बोगद्याच्या भिंतीवरून ओघळणारं पाणी बोटावर घेतलं आणि सरळ चाटलं. तोवर मी त्यांना जेमतेम दोन तास ओळखत होते. आमच्या मागे उभे असलेले साहेब, म्हणजे पुण्याहून आलेले आमचे प्रकल्पप्रमुख, तोंड फिरवून मोबाईल बघायला लागले. बाईंनी दुसऱ्यांदा बोट लावलं, पुन्हा चाखलं आणि भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तितक्या सहज म्हणाल्या, "हे कालव्याचं पाणी नाही."

आमच्या डोक्यावर, दगडी कमानीच्या वर, भरलेला कालवा वाहत होता. त्याचा आवाज खाली येत नव्हता, पण भिंतीला हात लावला की बारीक थरथर कळायची. भिंती ओल्या, रस्त्यावर घोट्याइतकं पाणी. वर कालवा आणि खाली गळती, म्हणजे कालवाच गळतोय, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावरही तेच लिहिलेलं होतं. ते पान मी लिहिलं होतं.

हा बोगदा घोडेगावपासून थोडा आत आहे. कालवा खोदला गेला तेव्हा वाटेत एक जुनी गाडीवाट आली. तिच्यासाठी कालव्यावर पूल बांधण्याऐवजी कुणी तरी ती कालव्याच्या पोटाखालून नेली, त्या काळच्या बैलगाडीच्या मापाने. पलीकडे चार गावं. अलीकडे बाजार, दवाखाना, कॉलेज आणि नगर-संभाजीनगर रस्ता. पलीकडच्यांचं सगळं जाणंयेणं या एका ओल्या भोकातून. उसाची ट्रॉली आली की समोरच्याने मागे सरायचं, आणि मागे सरताना भांडायचं. आता नवा द्रुतगती मार्ग पलीकडच्या माळावरून आला होता आणि त्याचा एक फाटा वाढवून या बाजूच्या रस्त्याला जोडायचा होता. तो फाटा कालव्यापाशी येऊन थांबत होता. बोगदा सुधारायचा आणि फाटा त्यातून पार करायचा, असा आराखडा आमच्या कंपनीला करून द्यायचा होता. मी नगरची, सहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा घराजवळचं काम मिळालेली, खुशीत होते. बाई सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे कंत्राटावर आल्या होत्या.

बाई मूळच्या राजूरच्या. तिथल्या बौद्धवाड्यात वाढलेल्या. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे, भंडारदऱ्याच्या बाजूचे घाटरस्ते त्यांच्या हातचे. बाई त्याबद्दल फारसं बोलायच्या नाहीत, पण कुठल्याही रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग दिसला की थांबून त्यातला एक दगड उचलायच्या, उलटसुलट करून बघायच्या आणि परत त्याच जागी ठेवायच्या. गाडीत कितीही घाई असो. ड्रायव्हरने एकदा विचारलं, काय बघता मॅडम. म्हणाल्या, हाताने फोडलाय का यंत्राने ते बघते. उत्तर काहीही आलं तरी त्यांचा चेहरा बदलायचा नाही.

त्यांच्याकडे एक काळी छत्री होती. तिच्यावर वीत वीत अंतरावर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारलेल्या. पाऊस असला तरी ती त्या उघडत नसत. ती मोजायची काठी होती. दिसेल त्याच्याशेजारी छत्री उभी करायची आणि आकडा वहीत टिपायचा. कडब्याची गंजी, ट्रॅक्टरचं चाक, शाळेची गाडी, डोक्यावर भारा घेतलेली बाई, आणि एकदा आमचे साहेब. साहेब चिडले. बाई शांतपणे म्हणाल्या की माणूस किती उंच असतो हे पुस्तकात दिलंय, पण टोपी घातलेला किती असतो ते दिलेलं नाही.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्या मला घेऊन गेल्या तो दिवस मी विसरणार नाही. त्यांना म्हशीची रुंदी हवी होती, शिंगांसकट. एक व्यापारी म्हशीशेजारी उभा होता. बाई आडवी छत्री धरून शिंगाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजायला लागल्या. त्याला वाटलं गिऱ्हाईक आहे. त्याने रिवाजाप्रमाणे हातावर उपरणं टाकून हात पुढे केला, भाव खालून बोटांनी ठरवायला. बाईंनी बिनधास्त उपरण्याखाली हात घातला. त्याने त्यांची दोन बोटं दाबली. बाईंनी हात तसाच ठेवून विचारलं, ही म्हैस टेम्पोत उभी केल्यावर केबिनच्या टपाच्या वर डोकं किती निघतं. व्यापारी आधी गोंधळला, मग इतका हसला की आजूबाजूचे जमा झाले. पुढचे दोन तास तो आमच्याबरोबर फिरत होता. कुठल्या टेम्पोत किती जनावरं चढतात, उंच टपाचा टेम्पो बोगद्यात कुठे घासतो, जनावरं पाण्यात पाय घालायला का बुजतात, सगळं त्याने सांगितलं. बाईंनी अर्धी वही भरली. तेव्हापासून बाजारात त्यांना बोगद्यावाल्या बाई म्हणायला लागले. मला हे सगळं पोरकट वाटत होतं. माझ्याकडे प्रमाणित मापांचं पुस्तक होतं आणि त्यात म्हशीचं पान नव्हतं.

बाई 'वाहतूक' हा शब्द वापरत नसत. जाणंयेणं म्हणायच्या. अहवालातही तसंच लिहायच्या आणि साहेब ते खोडायचे. दुपारचं जेवण त्या बोगद्यातच करायच्या. मोठ्या दगडावर बसून, पाय पाण्याच्या वर उचलून, भाकरी-ठेच्याचा डबा मांडीवर. आतून जाणारा प्रत्येक जण त्यांना बघून बोलायचा, आणि त्या प्रत्येकाला एकच विचारायच्या: कुठून आलात आणि कशासाठी निघालात. मी सर्व्हे म्हणून महिनाभर गाड्या मोजल्या होत्या. बाईंनी माणसांना विचारलं, आणि आठवडाभरात मला सांगितलं की पलीकडच्या गावांतले जवळपास निम्मे लोक चालत येतात, आणि त्यात बायका जास्त. माझ्या तक्त्यात चालणाऱ्यांसाठी रकानाच नव्हता.

कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, संपेपर्यंत त्या चाखलेल्या पाण्याचा विषय त्यांनी सोडला नाही. पाणी मचूळ आहे, कालव्याचं मचूळ नसतं, एवढाच त्यांचा दावा. साहेबांचं म्हणणं, जिभेवर आराखडा बदलत नाहीत. मग आवर्तन संपलं. कालवा हळूहळू रिकामा झाला, तळाशी गाळ आणि चपला उरल्या. बाई रोज सकाळी बोगद्यात जाऊन भिंतीखाली प्लास्टिकची बादली ठेवायच्या आणि ती किती वेळात भरते ते घड्याळावर बघायच्या. चार दिवस, आठ दिवस. कालवा कोरडा ठणठणीत आणि बादली तेवढ्याच वेळात भरत होती. आठव्या दिवशी मी स्वतः बोट लावलं आणि चाखलं. मचूळ होतं. मला एकदम हसू आलं, आणि त्यानंतर अंगावर काटा. आमचा सगळा आराखडा कालव्याचा तळ पक्का करायचा आणि बोगदा आतून काँक्रीटने लिंपायचा, यावर उभा होता. ते करूनही पाणी आलंच असतं.

"आता हे येतं कुठून?" मी विचारलं.

"ते इथल्या माणसाला माहीत असेल," बाई म्हणाल्या. "आपण फक्त विचारलेलं नाही."

ज्याला माहीत होतं तो माणूस कालव्याच्या अगदी कडेला राहत होता. सगळे त्याला तात्या म्हणत. ऐंशीच्या घरातला, पलीकडच्या गावचा शेतकरी, बोगद्याच्या तोंडाशी त्याचं कांद्याचं रान. बाईंशी त्याची रोज गाठ पडायची, पण तो पाण्याबद्दल कधी बोलला नव्हता, कारण कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी विचारल्यावर तो उठला, कालव्याच्या भरावाच्या पायथ्याशी गेला आणि काठीने एका जागी टोचलं.

"हितं आमची हीर हुती," तो म्हणाला. "माझ्या बापानं खांदली. कालवा आला तवा दगडं टाकून बुजवली. पर झरा कुटं बुजतो व्हय? बापाला लई वाईट वाटलं. मरस्तवर म्हनायचा, पानी जित्तं हाय."

बाईंनी पाटबंधारे खात्याच्या माणसाकडे रीतसर अर्ज केला आणि त्याला समोर उभं करून ती जागा उकरायची परवानगी मिळवली. कालवा रिकामा होता म्हणून ती मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी कुदळ दगडावर वाजली. घडीव दगड, गोल रांगेत. अर्ध्या गावाने गर्दी केली होती. खालून पाणी वर आलं, नितळ. तात्याने वाकून ओंजळ भरली, पण प्यायला नाही, नुसता ओंजळीकडे बघत राहिला. बाईंनी त्याच्या दंडाला धरलं होतं. मी तिथे बसूनच मांडीवर कागद घेतला, कारण मला राहवतच नव्हतं. विहिरीचं पाणी नळीने पलीकडच्या ओढ्यात आपसूक उतरवलं तर बोगद्यात ते येणारच नाही. पाणी आलं नाही तर रस्ता खोल नेता येईल. रस्ता खोल नेला तर बोगदा उंच करता येईल. कालव्याला हात न लावता. मी रेघा मारत होते आणि बाई माझ्या खांद्यावरून बघत मधेच म्हणत होत्या, अजून खाली, अजून थोडं खाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपण हे शिकलो ते कशासाठी.

साहेबांना पटलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांच्या डोक्यावर तारीख होती. नवा बोगदा जुन्याच्या शेजारी, काँक्रीटचा चौकोनी, बाहेर तयार करून मोठ्या दाबयंत्रांनी इंच इंच आत ढकलायचा, वर कालवा चालूच. त्याचं माप मुख्य कचेरीने पुस्तकातून कळवलं आणि त्याचं ड्रॉइंग मी काढलं. ते माझं आजवरचं सगळ्यात देखणं ड्रॉइंग होतं. बाईंनी ते बराच वेळ बघितलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आता हे उभं करून बघू."

तात्याचा कांदा निघून रान मोकळं झालं होतं. बाईंनी घोडेगावच्या मांडववाल्याला बोलावलं. माझ्या ड्रॉइंगच्या नेमक्या मापाने बांबू उभे राहिले, वर आडवे बांबू, दोन्ही बाजूंना लग्नाच्या मांडवाचं पांढरं कापड ताणलेलं, खाली चुन्याच्या फक्कीने आखलेला रस्ता. गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप गेला: ज्याला ज्याला बोगद्यातून जे जे न्यायचं असेल, त्याने रविवारी सकाळी ते घेऊन यावं.

असा रविवार मी पुन्हा बघितला नाही. त्या रानात जत्रा भरल्यासारखं झालं. बैलगाड्या, शाळेची गाडी, दूधवाल्यांच्या मोटारसायकली, म्हशींचे टेम्पो, उसाच्या जोडट्रॉल्या, आणि सगळ्यांच्या मागे धुरळा उडवत आलेलं ऊसतोडणीचं यंत्र. साहेब पुण्याहून आले होते, त्यांच्याबरोबर मुख्य कचेरीचे दोघे. बाई कापडाच्या तोंडाशी वही घेऊन उभ्या. एकेकाला आत सोडत होत्या.

बैलगाडी गेली. शाळेची गाडी गेली. जोडट्रॉली गेली तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि माझी छाती फुगली. मग कडब्याचा टेम्पो आला. त्याने वरचा पहिला बांबू उचलला, दुसरा वाकवला आणि तिसरा काडकन मोडला. तोडणी यंत्राचा ड्रायव्हर तर तोंडाशीच थांबला, खाली उतरला, वर बघितलं आणि हसत परत फिरला. माझं ड्रॉइंग माझ्या डोळ्यांदेखत मोडलं. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मला ते बघताना जी गंमत वाटली तेवढी ते काढतानाही वाटली नव्हती. मोडलेला बांबू हातात धरून मी धावत जाऊन किती कमी पडलं ते मोजलं.

उंची वाढवता येईल, साहेब म्हणाले. तेवढं करू. मुख्य कचेरीचे दोघे गाडीकडे निघाले. बाई म्हणाल्या, अजून एक राहिलंय.

खुरपणीहून परतणाऱ्या आठ बायका बांधावर बसल्या होत्या, डोक्यावरचे गवताचे भारे बाजूला ठेवून. बाईंनी त्यांना भारे उचलायला सांगितले आणि बोगद्यातून चालायला लावलं. त्या मध्यावर पोचल्यावर समोरून जोडट्रॉली सोडली, अगदी हळू. बायका सवयीने भिंतीला चिकटल्या. ट्रॉली त्यांच्या पदरांना घासत गेली आणि पांढरं कापड बाहेरच्या बाजूला फुगलं, आठ जागी, आठ पाठींच्या आकाराचं. आम्ही सगळे बाहेरून ते बघत होतो.

"कापड होतं म्हणून फुगलं," बाई म्हणाल्या. "तिथे काँक्रीट असणार आहे."

साहेब आत गेले आणि त्या बायकांशेजारी कापडाला पाठ लावून उभे राहिले. त्यांनी हाताने खूण केली आणि ट्रॉली पुन्हा गेली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. त्यांनी मला विचारलं, चालणाऱ्यांसाठी उंच वेगळी वाट, कठडा लावून, किती रुंदी लागेल. बाईंनी वही उघडून आकडा दाखवला. दोन भारे शेजारी शेजारी जातील एवढी. तो त्यांनी केव्हाच काढून ठेवला होता.

त्याची किंमत बाईंनी मोजली. ड्रॉइंग नव्याने करायची म्हणजे आराखडा तारखेला जाणार नव्हता. मुख्य कचेरीला तो रविवार म्हणजे तमाशा वाटला. बाईंच्या कंत्राटाची मुदत संपत आली होती, ती वाढवली नाही. साहेबांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला, उपयोग झाला नाही. मला निरोप आला की अहवालात त्या चाचणीचा उल्लेख नको, सुधारित माप एवढंच लिहावं. मी दोन दिवस तो मजकूर उघडून बसले. मग जे झालं ते झालं तसं लिहिलं: कडब्याचा टेम्पो, मोडलेले बांबू, आठ पाठी. 'वाहतूक' खोडून 'जाणंयेणं' लिहिलं. मला बोलणी बसली, पण साहेबांनी ते पान काढलं नाही.

बाई गेल्या त्या दिवशी मी त्यांना घोडेगावच्या फाट्यावर एसटीला सोडायला गेले. मला रडू येत होतं आणि त्या मात्र मला विहिरीच्या नळीला उतार किती ठेवायचा ते समजावत होत्या. एसटी लागली, त्या चढल्या, खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या, "आणि नळीच्या तोंडाला जाळी लाव, नाहीतर खेकडे घर करतात." एवढंच. माझं काय होईल, त्यांचं काय होईल, काही नाही.

काम सुरू झालं तेव्हा मी साइटवर होते. विहिरीचं पाणी ओढ्यात उतरलं तसा जुना बोगदा आठवड्याभरात सुकला. पलीकडची माणसं कोरड्या रस्त्यावरून चालताना अजूनही सवयीने लुगडी-पायजमे वर धरत होती. काँक्रीटचा प्रचंड चौकोन कालव्याखाली सरकू लागला. एका दिवसात जेमतेम हातभर. वर पाणी वाहत होतं, कालव्यावर लक्ष ठेवणारा पाटकरी काठावरून चालत फटी शोधत होता आणि त्याला एकही सापडत नव्हती.

पलीकडचा मातीचा पडदा पडणार होता त्याच्या आदल्या दिवशी मी बाईंना फोन केला. त्या राजूरहून पहाटेच्या गाडीने निघाल्या आणि दहाच्या सुमाराला चालत साइटवर आल्या. कंपनीने ठेवलेल्या समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं. पण गावाला पत्रिकेची गरज नव्हती. बायकांनी त्यांना घेरलं, कुणी चहा आणला, म्हशीवाला व्यापारी आपल्या बायकोला त्यांची ओळख करून देत होता. तात्या खुर्चीवर बसला होता. बाई त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"बाई, पानी वर चाललंय आन आपून खाली," तो म्हणाला. "बाप आसता तर म्हनला आसता, खोटं हाय."

दुपारी यंत्राचा शेवटचा दाब बसला. आधी थोडी माती घसरली, मग ढेकळं, मग एकदम मोठा ढिगारा खाली आला आणि आतल्या अंधारात पलीकडचं ऊन शिरलं. धुळीतून तिकडची माणसं दिसली. ती आमच्याकडे बघत होती आणि आम्ही त्यांच्याकडे. एवढी वर्षं रोज भेटणारी माणसं, पण पहिल्यांदाच एवढ्या रुंद जागेतून. मग दोन्हीकडून टाळ्या सुरू झाल्या आणि आतल्या काँक्रीटमुळे त्या कितीतरी मोठ्या झाल्या. मी बाईंचा हात घट्ट धरला होता. त्यांचे डोळे मिटलेले होते. तेवढंच. पुढच्या क्षणी त्यांनी माझा हात सोडवला आणि ढिगाऱ्यावरून आत चालायला लागल्या.

सुरक्षेवाला ओरडला, साहेबांनी त्याला थांबवलं. मी बाईंच्या मागे धावले. मला वाटलं त्या मध्यावर थांबतील, भिंतीला हात लावतील, चालणाऱ्यांची वाट कुठे येणार ते बघतील. मी त्यांना ते सगळं दाखवायला अधीर झाले होते. पण त्या थांबल्या नाहीत. पलीकडे बाहेर पडल्या, टाळ्या वाजवणाऱ्या लोकांना हात जोडले आणि त्यांच्यातून वाट काढत सरळ माळावर गेल्या, जिथे फाट्याच्या पुढच्या टप्प्याचे लाल टोकाचे खुंटे दूरवर ठोकलेले होते. पहिल्या खुंट्यापाशी त्यांनी वळून बघितलं, मी येतेय का ते. मी धापा टाकत होते.

"पुढे कुणाची वस्ती लागते?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.

"चल मग," असं म्हणून त्या चालायला लागल्या.